होडीत पाऊल ठेवण्यापूर्वी

पाण्यावरची सहल ही आता शहरी माणसाच्या आवाक्यातली गोष्ट झाली आहे. गेटवे ऑफ इंडियावरून घारापुरी किंवा मांडवा, राजपुरीहून जंजिरा, मालवण बंदरातून सिंधुदुर्ग किल्ला, तारकर्लीहून देवबागचा संगम, पुण्याजवळचे पवना आणि मुळशीचे जलाशय अशा सर्व ठिकाणी सुटीच्या दिवशी होड्यांना गर्दी असते. शिडाची होडी स्वतः चालवायला शिकण्याचा छंदही मुंबई, पुणे आणि गोव्यात रुजला आहे. मुंबईतील रॉयल बॉम्बे यॉट क्लबची स्थापना १८४६ सालची, म्हणजे हा छंद आपल्याकडे नवा नाही. नवी आहे ती त्याच्याकडे वळलेल्या हौशी मंडळींची संख्या. कोळी, गाबीत, खारवी या दर्यावर्दी समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेली पाण्याशी वागण्याची रीत मात्र या हौसेबरोबर शहरात आलेली नाही. त्याची किंमत आपण वारंवार मोजतो आहोत.

गेल्या काही वर्षांतील घटनांवर नजर टाकली तरी हे ध्यानात येते. १३ जानेवारी २०१८ रोजी डहाणूच्या किनाऱ्याजवळ सुमारे चाळीस विद्यार्थ्यांना घेऊन निघालेली बोट उलटली आणि तीन मुलींचा मृत्यू झाला. त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला अरबी समुद्रातील नियोजित शिवस्मारकाच्या कार्यक्रमासाठी निघालेली स्पीडबोट खडकावर आदळून बुडाली. त्यात एका तरुणाचे प्राण गेले. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीला स्कूबा डायव्हिंगसाठी गेलेल्या पर्यटकांची बोट परतताना उलटून दोघे दगावले. २१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात सोसाट्याच्या वाऱ्यात होडी उलटली. सातपैकी सहा जण बुडाले, एक जण पोहत काठावर आला. आणि १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर इंजिनाची चाचणी सुरू असलेली नौदलाची वेगवान बोट आदळली. या दुर्घटनेत १५ जणांचा बळी गेला. ‘नीलकमल’ची परवानगी ८४ प्रवासी आणि सहा कर्मचारी यांची होती, प्रत्यक्षात बोटीवर शंभराहून अधिक माणसे होती.

या सर्व घटनांची कारणे वेगवेगळी आहेत. तरीही एक साम्य नजरेत भरते. यांतील एकही दुर्घटना भर पावसाळ्यात किंवा दूरच्या खोल समुद्रात घडलेली नाही. जमीन दिसत असताना, सहलीच्या दिवसांत, रोजच्या वाटेवर हे घडले. पाण्यावरील सुरक्षिततेचा विचार वादळाच्या वेळी करायचा नसतो. तो धक्क्यावर उभे असताना, होडीत पाऊल ठेवण्यापूर्वीच करायचा असतो.

जॅकेट जवळ नव्हे, अंगात हवे

पाण्यावरील सुरक्षेची सर्वांत महत्त्वाची वस्तू कोणती, या प्रश्नाचे उत्तर सर्वांना ठाऊक आहे. अंगात घालण्याचा मात्र कंटाळा असतो. अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या नोंदी या बाबतीत बोलक्या आहेत. २०२३ साली त्या देशात हौशी नौकानयनातील अपघातांत ५६४ जण मरण पावले. मृत्यूचे कारण निश्चित झालेल्यांपैकी ७५ टक्के बुडून मेले. आणि बुडालेल्यांपैकी ज्यांच्याविषयी माहिती मिळाली, त्यांच्यातील ८७ टक्के लोकांच्या अंगात लाईफ जॅकेट नव्हते.

‘मला पोहता येते’ हा युक्तिवाद येथे उपयोगाचा नाही. तरणतलावात पोहणे आणि अंगावरच्या कपड्यांनिशी, पायांत बूट असताना, लाटांत, कदाचित डोक्याला मार लागलेल्या अवस्थेत तरंगत राहणे या पूर्णपणे भिन्न गोष्टी आहेत. बोट उलटते ती काही क्षणांत. आसनाखाली कोंबलेले किंवा छताला बांधून ठेवलेले जॅकेट त्या क्षणी शोधणे, सोडवणे आणि घालणे अशक्यप्राय असते. डिसेंबर २०२४ च्या दुर्घटनेनंतर गेटवेवरून सुटणाऱ्या बोटींतील प्रवाशांना जॅकेट सक्तीचे करण्यात आले, त्यामागचे कारण हेच.

जॅकेटची तरंगण्याची क्षमता ‘न्यूटन’ या एककात मोजतात आणि ती आतल्या पट्टीवर छापलेली असते. ५० न्यूटनचे साधन हे खरे तर पोहता येणाऱ्यासाठी, आडोशाच्या पाण्यात, मदत जवळ असताना वापरायचे आहे. ते बेशुद्ध माणसाचा चेहरा पाण्याबाहेर ठेवण्याची हमी देत नाही. खुल्या पाण्यासाठी १५० न्यूटनचे जॅकेट योग्य समजले जाते. बेशुद्ध माणसालाही उताणे करून त्याचे तोंड वर ठेवण्याच्या हेतूने त्याची रचना केलेली असते. जॅकेटची निवड वयावर नव्हे, तर वजनावर करावी. घातल्यानंतर सर्व पट्टे आवळावेत आणि दुसऱ्याला खांद्याजवळ धरून ते वर ओढायला सांगावे. जॅकेट कानापर्यंत सरकत असेल, तर पाण्यात ते डोक्यावरून निघून जाईल. मुलांच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा असलाच पाहिजे. फाटलेले शिवण, गंजलेले वा तुटलेले बकल, दाबल्यावर पुन्हा न फुगणारा फोम असे काही आढळल्यास दुसरे मागून घ्यावे. त्यात संकोच बाळगण्याचे काहीच कारण नाही.

बोट पारखून घ्यावी

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील प्रवासी जलवाहतुकीचे नियमन महाराष्ट्र सागरी मंडळ करते. नद्या व जलाशयांसाठी १९१७ चा जुना कायदा जाऊन आता अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ आला आहे. त्यात नोंदणी, तपासणी, चालकाचे प्रमाणपत्र आणि विमा यांची तरतूद आहे. कागद तपासणे हे प्रवाशाचे काम नव्हे. तथापि चार गोष्टी त्याला डोळ्यांनी पाहता येतात.

पहिली गोष्ट प्रवासी क्षमतेची. ती बोटीवर रंगवलेली असते. माणसे मोजावीत, मुलेही मोजावीत. क्षमतेपेक्षा जास्त माणसे असतील तर पुढच्या बोटीची वाट पाहावी. दुसरी गोष्ट बोटीच्या कडेची. माणसे बसल्यानंतर बोटीचा काठ पाण्यापासून किती उंच राहतो ते पाहावे. काठ वितीवर आला असेल, तर एखादी मोठी लाट किंवा शेजारून गेलेल्या जहाजाची फेक पुरेशी ठरते. तिसरी गोष्ट तळातील पाण्याची. थोडे पाणी सर्वच होड्यांत असते. पण ते घोट्यापर्यंत असेल आणि कोणी उपसत नसेल, तर ती बोट टाळावी. चौथी गोष्ट चालकाची. त्याच्याबरोबर मदतनीस आहे का, तो शुद्धीवर आहे का, आणि निघण्यापूर्वी त्याने प्रवाशांना कोठे बसावे हे सांगितले का, यावरून बरेच काही कळते.

गर्दी एवढी घातक का ठरते, हे समजून घेण्यासारखे आहे. माणसे तळाशी बसलेली असताना बोटीचा गुरुत्वमध्य खाली असतो. बोट एका बाजूला कलली, तर पाण्याचा दाब तिला पुन्हा सरळ करतो. माणसे उभी राहिली की गुरुत्वमध्य वर सरकतो आणि सरळ करणारी ही शक्ती क्षीण होते. त्यात पुष्कळ जण एकाच वेळी एका बाजूला गेले, मग निमित्त छायाचित्राचे असो वा डॉल्फिन दिसल्याचे, तर बोट कलते. तळातले पाणी त्याच बाजूला धावते आणि कलण्यात भर घालते. काठ पाण्याखाली गेल्यावर उलटण्यास फारसा वेळ लागत नाही. म्हणून ‘बसून राहा’ ही तांडेलाची सूचना शिस्तीसाठी नसते. सर्वांच्या जीविताचा हिशेब तीत असतो.

वारा, भरती आणि आभाळ

कोकण किनाऱ्यावर हिवाळ्यात व उन्हाळ्यात दिवसाचे एक वेळापत्रक असते. पहाटे जमिनीकडून मंद मतलई वारा वाहतो. सकाळी अकरापर्यंत समुद्र बहुधा शांत असतो. जमीन तापली की दुपारी वायव्येकडून खारा वारा सुटतो आणि तिसऱ्या प्रहरी तो सर्वांत जोरकस असतो. सकाळी काचेसारख्या पाण्यावर गेलेला पर्यटक चार वाजता परततो तेव्हा त्याच वाटेवर त्याला उसळत्या लाटा लागतात. ‘येताना तर काहीच नव्हते’ ही तक्रार त्यातूनच उद्भवते. परतीची वेळ वाऱ्याच्या हिशेबाने ठरवावी. पाण्यावर जागोजागी पांढरा फेस दिसू लागला, की वाऱ्याचा वेग ताशी वीस किलोमीटरच्या घरात पोचला असे समजावे. नवशिक्याने शिडाची होडी बाहेर काढण्याची ती वेळ नव्हे.

एप्रिल-मे महिन्यांत जलाशयांवर वेगळाच धोका असतो. वळवाचे ढग दुपारनंतर उभे वाढतात आणि पाऊस पडण्याआधी त्यांच्या खालून थंड वाऱ्याचा लोट सुटतो. काही मिनिटांत शांत जलाशय खवळतो. उजनीची दुर्घटना याच दिवसांतली. क्षितिजावर काळा, वर पसरलेला ढग दिसला, अचानक गार झुळूक आली किंवा गडगडाट ऐकू आला, तर लगेच जवळचा काठ गाठावा. निघालो त्याच धक्क्यावर परत जाण्याचा अट्टहास धरू नये. मोकळ्या पाण्यावर सर्वांत उंच वस्तू आपली डोलकाठी असते, आणि वीज उंच वस्तू शोधते.

भरती-ओहोटीचे गणितही ठाऊक हवे. मुंबईत उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटीच्या पातळीत पाच मीटरच्या आसपास फरक पडू शकतो. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, तर अष्टमीच्या सुमारास भांग असते, म्हणजे फरक कमी असतो. भरतीची वेळ काढण्याचे एक ढोबळ गणित आपल्याकडे परंपरेने चालत आले आहे: तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास पूर्ण भरती. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. हे गणित अंदाजापुरते. बाहेर पडताना छापील कोष्टकच पाहावे.

पाणी एकसारख्या गतीने चढत-उतरत नाही, हेही ध्यानात ठेवावे. पहिल्या तासात एकूण फरकाचा बारावा भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या व चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात पुन्हा एक भाग, असा त्याचा ठोकताळा आहे. म्हणजे चार मीटरच्या भरतीत पहिल्या तासात पाणी जेमतेम ३३ सेंटिमीटर चढते, पण तिसऱ्या आणि चौथ्या तासांत प्रत्येकी एक मीटर चढते. खाडीच्या मुखाशी याच मधल्या दोन तासांत प्रवाह सर्वांत जोराचा असतो. ओहोटीचे पाणी बाहेर धावत असताना समोरून खारा वारा आला, तर तेथे आखूड आणि उभ्या लाटा उठतात. लहान होडी उलटण्यास ती जागा पुरेशी कुप्रसिद्ध आहे. शिवाय सकाळी पाण्याखाली असलेला खडक ओहोटीला डोके वर काढण्याआधी काही काळ नेमका होडीच्या तळाच्या उंचीवर येतो.

हवामान खात्याचा अंदाज आणि हैदराबादच्या ‘इन्कॉईस’ या संस्थेचा लाटांविषयीचा इशारा आता मोबाइलवर सहज मिळतो. दक्षिणेकडील महासागरात हजारो किलोमीटरवर उठलेल्या लाटा आपल्याकडे वारा नसतानाही येऊन थडकू शकतात. त्यामुळे केवळ आभाळ निरभ्र आहे यावर विसंबू नये. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला असेल, तर सहलीचा बेत तेथेच संपला असे समजावे.

शिडाची होडी शिकताना

शिडाच्या होडीत इंजिनाचा आवाज नसतो, वेगही माफक असतो. त्यामुळे ती निरुपद्रवी वाटते. तिचे धोके निराळे आहेत. शिडाच्या खालच्या बाजूला असलेला आडवा दांडा, ज्याला ‘बूम’ म्हणतात, तो त्यांतला पहिला. वारा मागून येत असताना होडीची दिशा किंचित चुकली, तर शीड एका बाजूकडून दुसरीकडे वेगाने फिरते आणि दांडा डोक्याच्या उंचीवरून झपकन जातो. वारा पाठीशी असताना कोणीही उभे राहू नये. चालकाने दिशा बदलण्यापूर्वी मोठ्याने सूचना द्यावी आणि सर्वांनी डोके खाली घ्यावे.

दुसरा धोका शीड वेळेत न आखडण्याचा. होडी फार कलू लागली, सुकाणू जड झाले किंवा ‘शीड कमी करावे का’ असा विचार मनात आला, की त्याच क्षणी ते कमी करावे. वारा वाढल्यावर हेच काम दसपट अवघड होते. जोराचा झोत आला तर शिडाची दोरी सैल सोडावी. शिडातला वारा निघून जातो आणि होडी सरळ होते. म्हणून लहान होडीत ही दोरी कधीही कायमची गाठ मारून बांधू नये. ती हातात असावी.

तिसरी गोष्ट म्हणजे उलटण्याचा सराव. लहान होडी शिकताना ती कधी ना कधी उलटणारच. चांगल्या शाळांत पहिल्या काही धड्यांतच प्रशिक्षक ती मुद्दाम उलटवून पुन्हा सरळ करायला शिकवतात. मधल्या फळीवर भार देऊन होडी सरळ कशी करावी, शिडाखाली अडकल्यास कापड हाताने वर उचलून श्वासापुरती जागा कशी करावी, हे एकदा अनुभवले की घबराट निम्मी कमी होते. हा धडा टाळणारी शाळा निवडू नये.

वेगवान बोटी आणि जलक्रीडा

इंजिनाच्या लहान बोटीत चालकाच्या मनगटाला किंवा पायाला जोडायची एक लाल दोरी असते. चालक पाण्यात फेकला गेला की ती निसटते आणि इंजिन तत्काळ बंद पडते. ५ मे २०१३ रोजी इंग्लंडमधील कॉर्नवॉल येथे सहा जणांचे एक कुटुंब अशा बोटीतून एकाच वेळी पाण्यात फेकले गेले. दोरी जोडलेली नव्हती. रिकामी बोट पूर्ण वेगाने गोल फिरत राहिली आणि तिने पाण्यातल्या माणसांना धडका दिल्या. वडील आणि आठ वर्षांची मुलगी मरण पावली. इतर जखमी झाले. आपल्या किनाऱ्यांवर वॉटर स्कूटर भाड्याने घेताना ही दोरी आहे का आणि ती कोठे जोडायची, हे विचारणे म्हणूनच आवश्यक आहे.

बनाना राइडसारख्या खेळात शेवटी प्रवाशांना मुद्दाम पाण्यात पाडण्याची प्रथा आहे. ज्यांना ते नको असेल त्यांनी आधीच तसे सांगावे. पाण्यातल्या माणसाजवळ येताना बोटीचे इंजिन बंद हवे, कारण फिरता पंखा दिसत नाही. मद्यपान करून पाण्यावर जाणे तर सर्वथा वर्ज्य. ऊन, वारा आणि सततचे हेलकावे यांमुळे थकवा लवकर येतो व मद्याचा अंमल वाढतो. वर उल्लेखिलेल्या अमेरिकी नोंदींत प्राणघातक अपघातांना कारणीभूत ठरलेल्या ज्ञात घटकांमध्ये मद्य अग्रस्थानी आहे.

पाण्यावरचीही रहदारी

पाण्यावर रस्ते आखलेले दिसत नसले तरी रहदारीचे नियम आहेत. १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम जगभर मान्य आहेत आणि ते लहान होडीलाही लागू होतात. चिंचोळ्या मार्गात उजव्या कडेने जावे. मागून पुढे जाऊ पाहणाऱ्याने पुढच्याला सांभाळून जावे. दोन यांत्रिक बोटींचे मार्ग एकमेकांना छेदत असतील, तर जिच्या उजव्या हाताला दुसरी बोट आहे तिने वाट द्यावी. इंजिनाच्या बोटीने शिडाच्या होडीला वाट द्यावी, हा सामान्य नियम झाला. परंतु त्याला मोठा अपवाद आहे. ठरावीक खोल मार्गातूनच जाऊ शकणाऱ्या मोठ्या जहाजाच्या वाटेत शिडाच्या होडीने वा लहान बोटीने येता कामा नये. मुंबई बंदरात न्हावा-शेवाकडे जाणारी मालवाहू जहाजे याच प्रकारची. असे जहाज थांबायला किंवा वळायला मैलाहून अधिक अंतर घेऊ शकते आणि त्याच्या नाळेपुढचे बरेच पाणी वरच्या चालकाला दिसतही नाही. अशा मार्गात रेंगाळू नये. तो ओलांडायचाच असेल तर काटकोनात आणि लवकर ओलांडावा.

टक्कर होणार की नाही, हे ओळखण्याची एक सोपी खूण आहे. आपण दिशा न बदलता जात असताना दुसरे जहाज आपल्या बोटीच्या एकाच खांबाच्या रेषेत सतत दिसत असेल आणि आकाराने मोठे होत असेल, तर टक्कर होण्याची शक्यता आहे. ते खांबाच्या पुढे किंवा मागे सरकत गेले, तर सहसा धोका टळतो. दिशा बदलायची ती लवकर आणि ठळकपणे, म्हणजे समोरच्याला ती कळेल. टेहळणी हा या सर्वांचा पाया. प्रवाशानेही एखादी बोट सरळ आपल्या रोखाने येताना पाहिली, तर चालकाला हाक मारून सांगावे.

माणूस पाण्यात पडल्यास

बुडणारा माणूस ओरडतो, हात हलवतो, हे चित्रपटांतले दृश्य झाले. प्रत्यक्षात बुडणे बहुधा निःशब्द असते. तोंड पाण्याच्या पातळीवर येत-जात असते, हात आडवे पसरून पाणी दाबत असतात, आणि हाक मारण्याएवढा श्वास शिल्लक नसतो. म्हणून बोलणारे मूल अचानक गप्प झाले तर वळून पाहावे.

बोटीतून कोणी पडल्यास मोठ्याने ओरडून चालकाला सांगावे. एकाने त्या व्यक्तीकडे बोट दाखवत तिच्यावरची नजर अजिबात हलवू नये. लाटांत माणसाचे डोके काही सेकंदांत दिसेनासे होते. तरंगणारी कोणतीही वस्तू, रिंग, जॅकेट, झाकण लावलेला रिकामा डबा, तिच्याकडे फेकावी. तिला वाचवण्यासाठी पाण्यात उडी मारू नये. घाबरलेला माणूस वाचवणाऱ्याला मिठी मारतो आणि दोघेही बुडतात. बोट वाऱ्याच्या दिशेला तोंड करून मंद गतीने जवळ न्यावी आणि जवळ येताच इंजिन बंद करावे. वर घेतल्यावर श्वास थांबलेला असल्यास ताबडतोब कृत्रिम श्वास आणि छातीवर दाब देण्यास सुरुवात करावी. पोटातले पाणी काढण्यात वेळ दवडू नये.

बोटच उलटली, तर तिला सोडू नये. किनारा दिसतो तेवढा जवळ नसतो, आणि उलटलेली बोट पाण्यातल्या एकट्या डोक्यापेक्षा शोधकांना लवकर दिसते. आयर्लंडजवळ १९७९ साली झालेल्या फास्टनेट शर्यतीचा धडा हाच आहे. ३०३ नौकांच्या त्या शर्यतीत वादळाने १५ खलाशांचे प्राण घेतले. खलाशांनी २४ नौका सोडून दिल्या. त्यांपैकी केवळ पाच बुडाल्या, उरलेल्या नंतर तरंगताना सापडल्या. आग लागली वा बोट खडकांवर ओढली जात असेल, तरच तिच्यापासून दूर व्हावे. पाण्यात अनेक जण असतील तर मुलांना मध्ये घेऊन एकमेकांना धरून राहावे.

मदत कशी मागावी

बिनतारी संच असल्यास सोळाव्या वाहिनीवर ‘मेडे’ हा शब्द तीनदा उच्चारून बोटीचे नाव, ठिकाण, धोक्याचे स्वरूप आणि माणसांची संख्या या क्रमाने सांगावे. मोबाइल असल्यास सागरी शोध व बचावासाठी तटरक्षक दलाचा १५५४, किनारी सुरक्षेसाठी १०९३ आणि सर्व आपत्कालीन सेवांसाठी ११२ हे क्रमांक आहेत. मोबाइल जलरोधक पिशवीत, गळ्यात किंवा अंगाला बांधलेला असावा. दिवसा दोन्ही हात बाजूंना पसरून हळूहळू वर-खाली करणे ही संकटाची आंतरराष्ट्रीय खूण आहे. शिटी, आरसा, विजेरी यांचाही उपयोग होतो.

मदतीची तयारी आधीच केलेली असली, तर काय घडते, याचे उदाहरण भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी यांचे आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये गोल्डन ग्लोब शर्यतीत, पर्थपासून सुमारे १,९०० सागरी मैलांवर वादळाने त्यांची ‘थुरिया’ ही नौका पालथी केली, डोलकाठ्या मोडल्या आणि पाठीला गंभीर दुखापत झाली. उपग्रहाला संकेत देणारे उपकरण आणि संदेश पाठवण्याचे साधन त्यांच्याजवळ होते. त्यामुळे त्यांचे ठिकाण कळले आणि २४ सप्टेंबरला फ्रेंच गस्तीनौकेने त्यांना वाचवले. १४ मार्च २०२० रोजी मांडव्याजवळ प्रवासी बोट बुडू लागली, तेव्हा पोलिसांची गस्तीबोट जवळ असल्याने ८८ जण वाचले. पण गस्तीबोट नेहमीच जवळ असेल, यावर कोणी बेत आखू नये.

निघण्यापूर्वी एवढे करावे

कोठे जात आहोत आणि कधी परतणार, हे किनाऱ्यावरील एका व्यक्तीला सांगून ठेवावे. ठरलेल्या वेळेनंतर किती वाट पाहून मदत मागवायची तेही ठरवावे. हवामान व भरतीची वेळ पाहावी. प्रत्येकाच्या अंगात जॅकेट असावे. पिण्याचे पाणी, टोपी, शिटी, विजेरी आणि नेहमीची औषधे जवळ असावीत. स्वतःची होडी असल्यास नांगर व पुरेशी दोरी, वल्हे, पाणी उपसण्याचे भांडे, अग्निशामक आणि नेहमीच्या गरजेपेक्षा निदान तिसऱ्या हिश्श्याने अधिक इंधन असावे. बोटीत चढता-उतरताना हात मोकळे ठेवावेत. धक्का आणि बोट यांच्यामधल्या फटीत पाय वा हात सापडून होणाऱ्या दुखापती काही कमी नाहीत.

यांतील एकही गोष्ट खर्चिक वा अवघड नाही. अवघड आहे ते निराळेच. पंचवीस जणांचा चमू उत्साहाने धक्क्यावर जमलेला असताना ‘ही बोट भरलेली आहे, आपण पुढच्या बोटीने जाऊ’ असे म्हणणे अवघड वाटते. बोटवाल्याचा हंगाम मोजक्या महिन्यांचा असतो. एक फेरी बुडणे त्याला परवडत नाही, आणि आपल्यालाही सुटी वाया घालवायची नसते. दोघांच्याही घाईचे ओझे शेवटी त्या होडीवर पडते. नियम करणे आणि ते पाळून घेणे हे शासनाचे कर्तव्य आहेच. तथापि भरलेल्या बोटीत न चढणारा प्रवासी हा कोणत्याही तपासनिसापेक्षा अधिक परिणामकारक असतो, कारण तो प्रत्येक धक्क्यावर, प्रत्येक फेरीला हजर असतो.

ज्यांचे पोट समुद्रावर आहे, ते मच्छीमार १ जून ते ३१ जुलै या काळात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात. अनेक कोळीवाड्यांत नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण केल्यावाचून होडी पाण्यात उतरत नाही. चूल ज्याच्यावर पेटते, त्या समुद्रापासून ते दोन महिने दूर राहू शकतात. एका दिवसाच्या सहलीसाठी आलेल्या आपल्याला वारा पडेपर्यंत, नाहीतर दुसऱ्या दिवसापर्यंत, थांबायला काहीच हरकत नसावी.